पंचवीस पिनांचं घर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी बाबल मास्तरांचं नाव घेतो. आईवडलांचं नाव घेत नाही, कारण त्यांचं मोजायचं नसतं. पण बाप दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, आई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायला गावोगाव फिरणारी, अशा घरातला मुलगा पदवीधर होऊन पुण्यात टेबलखुर्चीची नोकरी करतो, तेव्हा मध्ये कुठेतरी एक परका माणूस उभा राहिलेला असतो. माझ्यासाठी मास्तर उभे राहिले. त्यांच्याविषयी चांगलं लिहावं म्हणून बसलो आहे. चांगलंच लिहीन, कारण त्यांच्यात वाईट काही नव्हतं. वाईट आहे ते माझ्याकडचं, आणि तेही लिहावं लागणार आहे.

मास्तर कुठल्याच शाळेत मास्तर नव्हते. मच्छीमार बोटींवरचे वायरलेस सेट आणि घरोघरचे रेडिओ दुरुस्त करण्यात त्यांची निम्मी हयात गेली. मी बारावी झालो त्या सुमाराला त्यांनी आमच्या गावात, विजयदुर्गच्या अलीकडे खाडीच्या तोंडावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास काढला. दोन कॉम्प्युटर, एक पांढरा आणि एक काळा. खाली कारखान्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला की वरचा बल्ब डोळा मारायचा आणि त्यानंतर एका क्षणात कॉम्प्युटर बंद पडायचे. म्हणून खालून खटका पडल्याचा आवाज आला, की माडीवर सगळे एकदम ओरडायचे, "सेव!" धक्क्यावरच्या बायकांना वाटायचं, वर कसली तरी आरती चालते.

मास्तर क्लासची फी घेत नसत. त्यांचा नियम वेगळा होता. आल्या आल्या प्रत्येकाने त्यांनी दिलेल्या पुस्तकाचं एक पान टाइप करायचं. रोज एक. पान झाल्याशिवाय दुसरं काही शिकायचं नाही. मला पहिल्या दिवशी अकरावीच्या इतिहासाचं पान मिळालं. मला वाटलं, बोटांना वळण लागावं म्हणून असेल. सगळ्यांना तसंच वाटायचं आणि मास्तर कोणाला काही सांगत नसत.

उंच, वाकलेले, खिशात चष्मा आणि कानामागे हीर. हीर म्हणजे माडाच्या पातीची मधली काडी, जिचे झाडू करतात. ती काडी घेऊन ते कुठल्याही केबलच्या तोंडातल्या पिना मोजायचे, मोठ्याने. एक, दोन, तीन. शंभर वेळा मोजलेली केबल असली तरी पुन्हा मोजायचे. पुन्हा मोजता कशाला असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "रात्रीत खाऱ्या वाऱ्यान एखादी खाल्ल्यान तर? वारो काय सांगान खाता?"

खारा वारा हा त्यांचा सात जन्मांचा वैरी होता. आमच्याकडे लोखंड टिकत नाही, खिडकीचे गज सुद्धा पापुद्रे सोडतात, मग सुईएवढ्या पिनांची काय कथा. मास्तरांनी त्यावर उपाय काढला होता. माडीवरच्या फळीवर लोणच्याच्या दहाबारा चिनी मातीच्या बरण्या होत्या. त्यांत भाजलेले तांदूळ आणि तांदळात पुरलेल्या केबली. भाजलेले तांदूळ ओल पितात. दर अमावास्येला मास्तर ते तांदूळ पुन्हा खरपूस भाजून घ्यायचे. कारखान्यातले गडी वर आले की विचारायचे, "मास्तर, लोणचा मुरला काय?"

केबलच्या दोन तोंडांना कॉम्प्युटरच्या धंद्यात नर आणि मादी म्हणतात. क्लासात मुली असायच्या, मास्तरांच्या तोंडून ते शब्द निघेनात. त्यांनी आपले शब्द केले. पिना असलेला तो 'पावणो', आणि पिना आत घेणारं ते 'घर'. पाहुणा घरी आला की आधी त्याच्या पिना मोजायच्या, मग घराची भोकं मोजायची, मग दोघांचं तोंड एका दिशेला आहे का बघायचं, आणि मग हलक्या हाताने आत. बसला की आम्हाला वाटायचं काम झालं. मास्तर बोट वर करायचे. "बसलो म्हणजे जुळलो असा नाय. बोलाक लागल्यार म्हणा."

कोणतं यंत्र कोणाशी बोलतं याची त्यांनी एक वही केली होती. आम्ही तिला सोयरीक वही म्हणायचो. त्यातल्या काही नोंदी मला आजही पाठ आहेत. 'जुना माऊस, नऊ पिना. पांढऱ्याशी जमतं. काळ्याशी भांडण.' 'कीबोर्ड, जाड गोल तोंड. स्वभाव शांत, कोणाशीही राहील.' 'स्कॅनर. कोणाशीच नाही.' या वहीची कीर्ती इतकी पसरली, की वरच्या वाडीतली एक वहिनी खरोखरच मुलीची पत्रिका घेऊन आली.

"मास्तर, माझ्या चेडवाचा बघा खंय जमता तां."

"गो वैनी, हेच्यात फक्त केबली आसत."

"तेंचा जमता मा? मगे माझ्या चेडवान काय पाप केल्यान?"

मास्तरांनी त्या मुलीचंही जमवून दिलं, वायरलेसच्या निमित्ताने ओळख झालेल्या एका तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या घरी.

शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा प्रिंटर चालेना म्हणून मास्तरांना बोलावलं. मी बरोबर होतो. कोणीतरी केबल उलटी धरून जोर लावला होता. ऑफिसात शिरलं की मास्तर मालवणी बाहेर ठेवून फायलींची मराठी बोलायचे. हिरीने मोजत म्हणाले, "सदर पिन क्रमांक नऊ ही लवलेली आहे. तिच्यावर जबरदस्ती झालेली आहे." ग्रामसेवक घाईत होता. "अहो, बसवा ना जरा जोर लावून." मास्तरांनी चष्मा काढला. "साहेब, जोर लावून नांगर ओढतात. ही पिन आहे." मग तासभर बसून दाभणाने ती एक पिन त्यांनी सरळ केली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "वाकलेल्या पिनेक दोन संधी गावतत. तिसऱ्यांदा मोडता."

मास्तरांची मुलगी सुलू माझ्याच वयाची. लहानपणी तापात तिची दृष्टी गेली होती, म्हणून शाळा दोन वर्षं उशिरा सुरू झाली. दहावीपर्यंत ती लांब एका अंध मुलींच्या निवासी शाळेत होती आणि तिथून पहिल्या वर्गात पास होऊन घरी आली. पुढे शिकायचं तर उठावाच्या ठिपक्यांची, म्हणजे ब्रेलमधली पुस्तकं हवीत. ती अकरावीची कुठेच नव्हती. शाळेने नवीन छापयंत्र घेतलं होतं, जुनं मास्तरांना देऊन टाकलं. लोखंडी ट्रंकेएवढं ते धूड आम्ही चौघांनी माडीवर चढवलं. जाड कागद घालायचा, आणि आतल्या टोकदार पिना कागदावर ठिपके उठवायच्या. आवाज असा, की घरात कोणीतरी पोहे कांडतंय. सुलू त्याला 'कांडप' म्हणायची. "बाबा, आज कांडप कधी?"

त्या दिवशी मला कळलं, की आम्ही रोज टाइप करत होतो ती पानं कुठे जात होती. यंत्र यायच्या सहा महिने आधीपासून मास्तरांनी गावाकडून पानं जमवायला सुरुवात केली होती.

टाइप केलेल्या मराठीचे ठिपके करणारा एक जुना प्रोग्राम यंत्राबरोबर मिळाला होता. काळ्या पडद्यावर चालायचा. कोणा इंजिनिअरने शाळेसाठी आवडीने लिहिला होता आणि तो इंजिनिअर आता कुठे आहे हे शाळेलाही माहीत नव्हतं. हा प्रोग्राम आणि हे यंत्र यांचं बोलणं एकाच रस्त्याने व्हायचं. कॉम्प्युटरच्या पाठीवर, त्याच्या मूळ बोर्डावरच असलेलं पंचवीस पिनांचं घर. त्या काळी ते प्रत्येक कॉम्प्युटरला असायचं. आम्ही त्याची काळजी कशाला करू?

माझं टायपिंग सुलूने सुधारलं. मी टाइप केलेलं पान कांडून निघालं की ती बोट फिरवत वाचायची आणि एकदम थांबायची.

"काय रे, शिवाजी महाराज 'किल्ला' जिंकले की 'किल्लो'?"

"किल्ला."

"तू किल्लो लिवलंस. महाराजांक मालवणी शिकवलंस मेल्या!"

तिला कॅसेटवर धडे वाचून द्यायला पुष्कळजण तयार होते. मास्तर स्वतः संध्याकाळी तिला पुस्तक वाचून दाखवायचे. तरी तिला ठिपकेच हवे असायचे, आणि का, ते मी एकदा प्रत्यक्ष पाहिलं. मराठीच्या पुस्तकात एक गोष्ट होती. त्यात एक आजारी मुलगी असते आणि तिचे वडील कोणाजवळ तरी म्हणतात, ही आमच्या गळ्यात दगड आहे. मी पलीकडे टाइप करत होतो. मास्तर त्या ओळीपाशी आले, क्षणभर थांबले आणि पान उलटून पुढचं वाचू लागले.

सुलू म्हणाली, "बाबा, गाळलात मा?"

"काय एक नाय गाळूक."

"पान लवकर उलटलात. माका आवाज कळता. एका पानाक तुमका किती वेळ लागता तां माका ठावक आसा." मग माझ्या दिशेने तोंड वळवून ती म्हणाली, "बाबा वाचतत तेव्हा माका बरा वाटात तितकाच वाचतत. ठिपके कोणाची कीव करनत नाय. म्हणान माका ठिपके व्हये."

मास्तर उठून बरण्या पुसायला लागले.

शाळेच्या मोठ्या बाईंनी सुलूला शब्द दिला होता. बी.ए. हो, आणि आमच्याकडेच शिकवायला ये. एवढी एक गोष्ट त्या घरात होती. मास्तरांची बायको मागेच गेली होती. त्यांच्या मागे सुलूचं काय, हा प्रश्न कोणी बोलून दाखवत नसे, पण मास्तर हीर घेऊन पिना मोजायचे तेव्हा तेच मोजत असत, हे मला फार उशिरा समजलं.

बी.एस्सी. झाल्यावर पुण्याला कॉम्प्युटरच्या पुढच्या कोर्सला मला प्रवेश मिळाला. आमच्या घरात पुणं कोणी पाहिलेलं नव्हतं. मास्तर तळेऱ्याहून रात्रीच्या एस.टी.ने मला सोडायला आले. अर्ज त्यांनी भरला, रांगेत ते उभे राहिले, हॉस्टेलच्या रेक्टरसमोर त्यांनी फायलींची मराठी बोलून माझी खोली मिळवली. जाताना पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला कीबोर्ड काढला. "हयसरच्या कीबोर्डांक तुझ्या बोटांची सवय नाय." तो जाड गोल तोंडाचा. पुण्यातल्या कॉम्प्युटरांना बारीक गोल घर. मास्तरांना तेही माहीत होतं. खिशातून त्यांनी भाजलेल्या तांदळांची पुरचुंडी काढली, आणि त्यात जाडाला बारीक करणारा जोड होता.

ते गेल्यावर खोलीतली दोन मुलं त्या कीबोर्डकडे बघून हसली. तांदूळ बघून जास्त हसली. मी कीबोर्ड खाटेखाली सरकवला. तीन वर्षं तो तिथेच होता. हेही लिहून ठेवतो, कारण पुढचं त्यातूनच आलं असावं.

यूएसबी आमच्या गावात आली ती मुंबईहून सुट्टीला आलेल्या कोणाच्या तरी मुलाच्या हातून. मास्तरांनी ते चपटं तोंड हिरीने बराच वेळ तपासलं. "चार तारा? चार तारांत काय बोलतली ही?" मी तेव्हा पुण्याहून आलो होतो, शिकलेला होतो. मी त्यांना समजावलं, की मास्तर, आता माऊस, प्रिंटर, स्कॅनर सगळ्यांना एकच तोंड असणार. सोयरीक वहीची गरजच संपली.

मास्तर म्हणाले, "तोंडा सगळ्यांची सारखी केली म्हणान पोटातला बदालता?"

मी हसलो. तेव्हाच्या सगळ्या शिकलेल्या लोकांसारखा हसलो.

नोकरी लागली ती एका कंपनीत, यंत्रसामग्री विभागात. नवे कॉम्प्युटर जोडायचे, जुने काढायचे, काढलेल्यांची यादी करायची. इकडे सुलूचं बी.ए. बाहेरून चाललं होतं. एक वर्ष परीक्षा, एक वर्ष पानं जमेपर्यंत थांबायचं. क्लासला मुलं कमी येत होती, त्यामुळे पानंही सावकाश जमत. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याची सगळी पुस्तकं टाइप होऊन तयार होती आणि कांडप सुरू व्हायचं होतं, तेव्हा पावसाच्या तोंडावर पांढऱ्या कॉम्प्युटरचा बोर्ड गेला. काळा त्याआधीच गेला होता. मास्तरांनी पांढऱ्याला मागे दोनदा डाग देऊन उठवलं होतं. या वेळी उठला नाही. ते देवगडला जाऊन नवा कॉम्प्युटर घेऊन आले. त्याच्या पाठीवर यूएसबीची सहा तोंडं होती. पंचवीस पिनांचं घर नव्हतं.

त्यांनी मला ऑफिसात फोन केला. मास्तरांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला त्याआधी आठवत नाही.

"एक घर व्हया रे. पंचवीस पिनांचा, बोर्डावरचा. जुनो कॉम्प्युटर खंय गावतलो काय बघ. परीक्षेक दोन म्हयने आसत."

मी म्हणालो, "मास्तर, जुना कशाला? आता कन्व्हर्टर मिळतो. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला तुमच्या पंचवीस पिना. उद्याच कुरिअरने पाठवतो."

"बसतलो?"

"अहो, त्यासाठीच केलेला असतो."

"बसतलो ता माका ठावक आसा. बोलतलो?"

"बोलणार, मास्तर."

फोन ठेवला तेव्हा मी स्टोअरमध्येच उभा होतो. माझ्यासमोर भिंतीला लावून चौदा जुने कॉम्प्युटर ठेवले होते. चौदांच्याही पाठीवर पंचवीस पिनांचं घर होतं. भंगाराची यादी माझ्याच हातात होती, सही माझीच व्हायची होती, गाडी चार दिवसांनी येणार होती. मला साहेबांकडे जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की यातला एक मला द्या. मी दारापर्यंत गेलो. आत साहेब आणि दोघे सहकारी चहा पीत काहीतरी इंग्रजीत बोलून हसत होते. मला वाटलं, हे म्हणतील, गावाकडचा माणूस, भंगार मागायला आला. मला खाटेखालचा कीबोर्ड आठवला. मी परत फिरलो आणि स्वतःला सांगितलं, कन्व्हर्टर आहे ना, जोडलं जाईल. चौथ्या दिवशी यादीवर सही केली.

कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही. मास्तर भर पावसात तळेऱ्याला जाऊन ते पाकीट घेऊन आले. त्यांनी पिना मोजल्या असणार, दोन्हीकडच्या. आठवड्याने त्यांचा फोन आला.

"बसलो. पण बोलणा नाय."

तो जुना प्रोग्राम यूएसबी ओळखतच नव्हता. त्याला बोर्डावरचं ते एकच दार ठाऊक होतं. देवगडहून आणलेलं वेगळं कार्डही मास्तरांनी लावून पाहिलं, प्रोग्राम तिकडे वळला नाही. हे मला कळायला हवं होतं. माझं शिक्षण त्याच विषयातलं होतं, आणि त्याआधी मास्तरांनी बोट वर करून शंभर वेळा सांगितलं होतं.

मी स्टोअरमध्ये गेलो. फरशीवर धुळीत चौदा स्वच्छ चौकोन उरले होते.

मग मी शोधत फिरलो. जुन्या बाजारात, दुरुस्तीवाल्यांकडे, कोणाकोणाच्या ओळखीने. कोणाकडे घर असेल तर बोर्ड मेलेला, बोर्ड जिवंत असेल तर घर तुटलेलं. चालणारा एक सापडला तेव्हा चतुर्थी आली होती. तो मांडीवर घेऊन मी एस.टी.ने गावी गेलो. आई म्हणाली, "गणपतीक इलंस की बिऱ्हाड घेऊन?" मी तसाच माडीवर चढलो.

परीक्षा होऊन गेली होती. सुलू बसली नव्हती. मास्तर वाचून दाखवायला तयार होते, तिने नको म्हटलं होतं. आणि तीन महिने पावसात न चालवलेलं कांडप गंजून बसलं होतं. ठिपके उठवणाऱ्या पिना आत जागच्या जागी धरल्या होत्या. मी आणलेला कॉम्प्युटर जोडला. प्रोग्राम सुरू झाला, घर सापडलं, यंत्राला हुकूम गेला. आत काहीतरी एकदा कण्हलं आणि थांबलं. मास्तरांनी झाकण उघडून हीर आत घातली. मोजायला सुरुवात केली आणि पाचावर थांबले. त्यांनी मोजणं अर्ध्यावर सोडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"बोलता रे," ते मला म्हणाले. "तू हाडलंस तो बोलता. ऐकणारा मेला."

त्यांनी मला दोष दिला नाही. उलट चतुर्थीला एवढं ओझं आणलंस म्हणून नारळाच्या करंज्या खायला घातल्या.

सुलू खिडकीपाशी जाळं विणत बसली होती. धक्क्यावरच्या फाटक्या जाळ्यांच्या गाठी बोटांनी शोधून ती दुरुस्त करायची. आता तेच काम होतं तिला. मी जवळ बसलो. ती गाठीवरून बोट फिरवत म्हणाली, "हेंच्यात पण ठिपकेच आसत. फक्त काय लिवलेला नाय."

मग तिने विचारलं, "शाळेच्या बाईंची चिठ्ठी इली. तेंनी दुसरी बाई घेतल्यानी. एक इचारू? तुमच्या एवढ्या मोठ्या हापिसात एक पण जुनो कॉम्प्युटर नाय होतो?"

मी म्हणालो, "नव्हता गो. सगळे नवे होते."

ती म्हणाली, "मगे तू तरी काय करतलंस."

यानंतर दोन वर्षांत मास्तरांनी क्लास बंद केला. बरण्या रिकाम्या केल्या, तांदूळ कोंबड्यांना घातले. केबली त्यांनी धक्क्यावर नेऊन ठेवल्या, ज्याला हवी त्याने न्यावी म्हणून. मागच्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा त्या राखाडी केबलींवर ओळीने जाळी वाळत घातलेली होती. प्रिंटरची लांब केबल दोन माडांना बांधली होती आणि तिचं पंचवीस पिनांचं तोंड वाऱ्यावर खाली लोंबत होतं. मी जवळ जाऊन बघितलं. पिना हिरव्या झाल्या होत्या. पाचसहा उरल्या होत्या. मास्तर त्याच वाटेने रोज जातात, आई म्हणाली, पण वर बघत नाहीत.

तरीही मी काही लिहिलं नसतं. पण गेल्या आठवड्यात ऑफिसात पुन्हा भंगाराची यादी झाली. आमचा शिपाई साहेबांच्या दारात गेला आणि म्हणाला, साहेब, मुलीला शिकायला यातला एक नेऊ का. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "ने की. त्यात विचारायचं काय?" शिपायाने कॉम्प्युटर खांद्यावर घेतला आणि तो गेला. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं.

त्या संध्याकाळी मी मास्तरांना पत्र लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकलं. ते असं:

तीर्थस्वरूप मास्तरांस, शिरसाष्टांग नमस्कार.

आपण दिलेला कीबोर्ड मी हॉस्टेलात कधी जोडला नाही. खाटेखाली ठेवला होता. मुलं हसतील म्हणून. तो आता माझ्याकडे आहे. तांदळांची पुरचुंडीही आहे, तांदळांना कीड लागली आहे.

मी आज जो कोणी आहे तो आपल्यामुळे आहे, हे मी सगळ्यांना सांगतो. आपल्याला आणि सुलूला मात्र एक गोष्ट सांगितली नाही. चतुर्थीला तिने मला विचारलं, तुमच्या ऑफिसात एकही जुना कॉम्प्युटर नव्हता का. मी नव्हता म्हणालो. मास्तर, होते. आपला फोन आला तेव्हा चौदा होते, माझ्यासमोर, आणि प्रत्येकाला आपलं घर होतं. मागितला असता तर मिळाला असता, हे मला आज कळलं. मला मागायची लाज वाटली. मी कन्व्हर्टर पाठवला आणि चौदांच्या यादीवर सही केली. खाऱ्या वाऱ्याने जे केलं ते नंतर. आधी मी केलं.

माफी मागायला मी हे लिहिलेलं नाही. माफ करण्यासारखं मला काही दिसत नाही. आणि मी काहीही पाठवलं तरी ते वर्ष परत येणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

एकच विनंती आहे. हे पत्र सुलूला आपणच वाचून दाखवाल, कारण आता दुसरा मार्ग नाही. मी ते दोन पानांत लिहिलं आहे आणि चौदा कॉम्प्युटरांचं पहिल्या पानाच्या अगदी तळाला येतं. आपण तिथे थांबाल, हे मला इथूनही दिसतं. मास्तर, पान लवकर उलटू नका. तिला आवाजावरून कळतं.